चिंचेचे पाणी

मित्रांनो, पोखर्णीच्या वाटेवर ओढ्याच्या काठी एक काळवंडलेला गोल खड्डा दिसतो. तुम्ही येता-जाता त्यात खडे टाकता. तो खड्डा म्हणजे मी, एक जुनी चुन्याची भट्टी. आता मी थकले आहे. पोट माझे, पण भूक कायम दुसऱ्याच्या घराची, असेच माझे आयुष्य गेले.

मला आश्रुबाने बांधले. आमच्याकडे काळ्या रानात नांगर घातला की चुनखडीचे खडे वर येतात. शेतकरी त्यांना शिव्या देतात, कारण त्या पट्ट्यात पीक पिवळे पडते. आश्रुबाची बायको धुरपताबाई मात्र तेच खडे वेचून, ओढ्यात धुऊन माझ्यासाठी आणायची. शाळेतले दिनकरराव मास्तर पोरांना घेऊन आले की सांगायचे, "ह्याला कार्बोनेट म्हणतात. संगमरवर तेच, गोगलगायीचा शंख तेच. तुमच्या आईचा पापडखारही ह्याचाच चुलतभाऊ." एवढी थोरामोठ्यांची सोयरीक ऐकून मला हसू यायचे. राबताना त्यातले कोणी मदतीला आले नाही.

काम कष्टाचे होते. खडे आणि जळण यांचे थर लावायचे आणि तीन दिवस आग धरायची. दगडात कोंडलेली हवा तापून निघून गेली की कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी मारले की तो लाह्यांसारखा फुटतो. फुटलेला चुना निवला की धुरपताबाई त्यावर चिंचेचे आंबट पाणी टाकून बघायची. फसफसला तर कच्चा दगड राहिला, गप्प बसला तर चुना पक्का. गवंड्यांचा तिच्या लोट्यावर फार भरवसा.

मग पहिल्या मोठ्या लढाईची वर्षे आली. जळणासाठी रेल्वेच्या इंजिनातून पडणारा अर्धवट जळका कोळसा मिळेना आणि ओढ्याकाठच्या बाभळी केव्हाच तुटल्या होत्या. त्याच काळात गावचे जमीनदार माणिकराव यांनी गावासाठी पिण्याच्या पाण्याची विहीर बांधायला काढली. गवंडी होता भुजंग, धुरपताबाईचा सख्खा भाऊ. आश्रुबाने मला पेटवले, पण दुसऱ्याच दिवशी जळण संपले आणि मी विझले. निम्मे खडे आत कच्चेच राहिले. आश्रुबा दमला होता. त्याने ते कच्चे खडे कुटले आणि चांगल्या चुन्यात मिसळून टाकले. दमलेला माणूस धकून जाईल म्हणतो, तसाच तोही म्हणाला. मी पाहत होते. मला तोंड एवढे मोठे, पण बोलता येत नाही.

गाडी भरली. माणिकराव स्वतः आले होते. तेवढ्यात धुरपताबाई लोटा घेऊन आली आणि तिने चिंचेचे पाणी गाडीतल्या चुन्यावर ओतले. चुना फसाफसा फेसाळला.

"मालक, ही गाडी नेऊ नका. चुना कच्चा हाय. माझा भाऊ ह्याच्या भरोशावर चार पुरुष खोल उतरणार हाय."

आश्रुबाची मान खाली गेली. चार माणसांत बायकोने नवऱ्याला उघडे पाडले होते.

"आश्रुबा, तुझ्या शब्दावर आमी आलो," एवढेच माणिकराव म्हणाले. "आठ दिवसांत पक्का दे."

त्या दुपारी आश्रुबा आपल्या झोपडीवर चढला आणि एकेक वासा काढू लागला. धुरपताबाई खाली उभी होती.

"आवो, काय करायलाव?"

"घर परत बांधता येतंय. भुजंग परत यायचा न्हाई."

तिने दार उचकटले आणि डोक्यावर घेऊन माझ्याकडे आली. मित्रांनो, मी जन्मभर लाकूड खाल्ले, पण ते दार मला फार जड गेले.

तो चुना लोट्यापुढे गप्प बसला. विहीर झाली. भुजंगाला फेटा मिळाला, माणिकरावांचे नाव झाले. मला कोणी विचारले नाही. पुढे सिमेंटच्या गोण्या आल्या आणि मी गार पडले. चुन्याच्या धुळीने आश्रुबाचे डोळे गेले. मनातला किडा मात्र गेला नाही. "पक्का झाला व्हता ना गं?" असे तो चार दिवसांनी विचारायचाच.

निजामी अमल संपायच्या साली एका सकाळी धुरपताबाई त्याचा हात धरून माझ्या काठावर आली. बादली लागून विहिरीच्या कठड्याचा टवका उडाला होता, तो तिच्या ओटीत होता. तिने त्यावर चिंचेचे पाणी टाकले. आश्रुबाला आवाज ऐकू आला आणि त्याचा चेहरा उतरला.

"फसफसायलाय की! म्हंजी कच्चाच व्हता!"

"न्हाई वो," ती म्हणाली. "तुमी आगीनं ह्याच्यातली हवा काढली व्हती. भितीत बसून, इतकी वर्सं वारा पिऊन त्यानं ती परत घेतली. आता दगड झालाय ह्यो. दगड फसफसायचाच."

आश्रुबाने टवका कानाशी धरला. "आनखी टाक," म्हणाला. फसफस थांबेपर्यंत तो ऐकत राहिला आणि मग माझ्या काठाला टेकून लेकरासारखा रडला. इतक्या वर्षांत माझेही ओझे तेव्हाच उतरले.

मित्रांनो, माझ्यात खडे टाकता, खुशाल टाका. मला त्याची सवय आहे. पण त्या विहिरीच्या कठड्यावर खिळ्याने नावे कोरू नका. त्यात एका घराचे दार आहे.