पलायनार्थ पालेर्मो-दर्शन

आमच्या पालेर्मो शहरात ज्या दोन जीवांच्या विवाहास घरच्यांची संमती नसते, त्यांनी पळून जाण्याची वहिवाट आहे. एक संपूर्ण रात्र घराबाहेर काढली की दुसऱ्या दिवशी घरच्यांना निमूटपणे चर्चमध्ये तारीख ठरवावी लागते. अन्यथा शेजाऱ्यांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. मात्र रात्र होण्यापूर्वी सापडल्यास ते पलायन रद्द समजतात आणि मुलीला हाताला धरून घरी नेतात. या वहिवाटीत वयाची खालची मर्यादा सर्वांना ठाऊक आहे. वरची मर्यादा कोणी घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि निन्फाबाई त्रेसष्टच्या. बाल्लारोच्या बाजारात माझे केशकर्तनालय एक्केचाळीस वर्षे चालू आहे. त्यांचे यजमान दर शनिवारी दाढीला येत असत, आणि त्यांची अखेरची दाढीही मीच केली. त्यानंतर सात वर्षांनी मी निन्फाबाईंना मागणी घातली. त्यांनी होकार दिला. त्यांचा चिरंजीव सेत्तिमो याने नकार दिला.

सेत्तिमो बेचाळीस वर्षांचा असून त्याचा मासळीचा व्यवसाय आहे. "लोक काय म्हणतील, मास्तर?" असे तो म्हणाला; आमच्याकडे न्हाव्याला मास्तर म्हणतात. लोक काहीच म्हणत नव्हते. त्याचे सदरे निन्फाबाई इस्त्री करीत, त्याचे जेवण त्याच करीत, आणि या सोयीमुळेच ओलीवा नामक सुशील मुलीशी झालेला त्याचा वाङ्‌निश्चय अकरा वर्षे जसाच्या तसा टिकून होता.

तेव्हा पळून जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. प्रश्न एवढाच होता की दिवस कोठे काढावा. रात्रीसाठी मोन्देल्लोच्या किनाऱ्यावर एका डच बाईंकडे मी दोन खोल्या सांगून ठेवल्या होत्या, परंतु त्या बाई संध्याकाळी सहापूर्वी कुणाला आत घेत नसत. शहरात आमचे नातलग एकशे चाळीस, आणि माझी गिऱ्हाइके त्याहून अधिक.

उपाय निन्फाबाईंनीच सुचविला. "मास्तर, आपल्या माणसांपैकी राजवाडा कुणी बघितलाय?"

"कुणीच नाही."

"ते मोठं नाट्यगृह?"

"बाहेरून."

"मग झालं तर. तिथंच लपू."

न्हाव्यांच्या सुट्टीचा वार म्हणून सोमवार निवडला. निन्फाबाईंनी रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघरात चिठ्ठी ठेवली: 'मी मास्तरांबरोबर पळून गेले आहे. शोधू नकोस. वांगी तळून ठेवली आहेत.' सकाळी साडेआठला आम्ही उघड्या टपाच्या लाल बसची चोवीस तासांची दोन तिकिटे घेतली. ओळख पटू नये म्हणून मी आयुष्यात प्रथमच अर्धी विजार घातली होती. निन्फाबाईंनी गवती टोपी व काळा चष्मा धारण केला होता.

"पाय किती पांढरे हो तुमचे!" त्या म्हणाल्या. "जर्मन वाटता अगदी."

बसचा चालक परगावचा, मेस्सीनाचा होता. त्याच्याकडून बातमी फुटण्याचे भय नव्हते.

राजवाड्यातील प्रार्थनामंदिर माझ्या दुकानापासून पायी दहा मिनिटांवर आहे. छत संपूर्ण सोन्याचे असल्याप्रमाणे झळकते. निन्फाबाई बराच वेळ वर पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथली जळमटं कोण काढतं?" तेथून प्रेतोरियाच्या कारंज्याकडे गेलो. तेथे पुष्कळ पुतळे असून वस्त्रे जवळजवळ नाहीत. निन्फाबाईंनी पुतळ्यांकडे पाठ करून मला छायाचित्र काढावयास सांगितले.

नंतर कापुचिन साधूंचे तळघर पाहिले. तेथे शेकडो मृत नागरिक आपापल्या पोशाखात भिंतींना टेकून उभे आहेत. व्यवसायानुसार माझे लक्ष केसांकडे गेले. एका वकिलाच्या मिशा आजही उत्तम अवस्थेत होत्या. असे काम आता कोणी करीत नाही.

"ही माणसं आपल्यापेक्षा नीटनेटकी आलीत," निन्फाबाई माझ्या विजारीकडे पाहून म्हणाल्या.

दुपारपर्यंत आम्हाला एकही ओळखीचा मनुष्य भेटला नाही. पालेर्मोची सर्व प्रेक्षणीय स्थळे पालेर्मोच्या लोकांपासून मुक्त होती. रात्र सुखरूप गाठता येणार याविषयी माझ्या मनात शंका राहिली नाही.

तीन वाजता बस शहर सोडून डोंगर चढू लागली. माहितीपत्रकात शेवटचे स्थळ 'गुहा व निसर्गशोभा' असे छापले होते. मी वाचण्याचा चष्मा घरी विसरलो होतो, आणि आपल्याच डोंगराला कोणी निसर्गशोभा म्हणेल हे ध्यानात येण्यासारखे नव्हते. तिसऱ्या वळणावर निन्फाबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"मास्तर, ही गाडी सांता रोझालियाकडं चाललीय!"

सांता रोझालिया ही आमच्या नगरीची संरक्षक संतीण, आमची देवीच म्हणा. तिने ठरलेले लग्न मोडून या डोंगरावरील गुहेत आयुष्य घालविले. म्हणून लग्नापूर्वी जे जोडपे एकत्र तिच्या गुहेत पाऊल टाकते, त्यांचे लग्न कधीही होत नाही. हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

"उतरू या," निन्फाबाई म्हणाल्या.

"इथं? दरीत?"

वर पोहोचल्यावर चालकाने बस चाळीस मिनिटांसाठी बंद करून सर्वांना उतरविले. निन्फाबाई फुटाणे विकणाऱ्या गाडीपाशी उभ्या राहिल्या आणि तेथून एक पाऊलही पुढे टाकणार नाही असे त्यांनी सांगितले. मात्र इतक्या जवळ येऊन काहीच न बोलता परतणे त्यांना अपमानकारक वाटले.

"तुम्ही एकटे आत जा. तिला सांगा, आम्ही दोघं आत आलेलो नाही. नीट समजावून सांगा, घाई करू नका."

मी आत गेलो. गुहेच्या छतातून पाणी ठिबकते व ते पत्र्याच्या पन्हळींनी बाजूस नेलेले आहे. काचेमागे देवीची मूर्ती सोन्याच्या वस्त्रात पहुडलेली असते. तिच्यापुढे गुडघे टेकून, हाती मेणबत्ती घेऊन, सेत्तिमो बसला होता. शेजारी ओलीवा स्कूटरचे शिरस्त्राण पोटाशी धरून उभी होती.

माझ्या ध्यानात आमची चूक आली. आमचे लोक पालेर्मोतील कोणतेच प्रेक्षणीय स्थळ पाहत नाहीत, हे खरे. परंतु हे एक स्थळ ते प्रेक्षणीय समजतच नाहीत. ते येथे काम घेऊन येतात.

"माते, हे लग्न मोड," सेत्तिमो म्हणत होता. "तुला हे काम नवीन नाही." मग त्याने मान वळविली. प्रथम त्याला माझे पाय दिसले. "मास्तर! आई कुठंय?"

"बाहेर. फुटाण्यांपाशी. आम्ही दोघं आत आलेलो नाही."

"सापडलात! अजून पाच पण वाजले नाहीत. पळून जाणं रद्द! आईला घरी नेतो, आत्ताच्या आत्ता."

त्याचे म्हणणे वहिवाटीस धरून होते. सात वर्षे मी जिची वाट पाहिली ती गोष्ट संपली, असे मला वाटले, आणि केवळ काहीतरी सभ्य बोलावे म्हणून मी ओलीवेला विचारले, "अभिनंदन करायचं राहूनच गेलं. लग्न कधी झालं तुमचं?"

"कुठलं लग्न, मास्तर? अकरा वर्षं नुसतं—" ओलीवा बोलता बोलता थांबली. तिने देवीकडे पाहिले, सेत्तिमोकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांखालच्या ओल्या फरशीकडे पाहिले. शिरस्त्राण तिच्या हातून पडून पन्हळीपर्यंत घरंगळत गेले.

"सेत्तिमो," ती म्हणाली, "आपण दोघं आत आहोत."

सेत्तिमोने मेणबत्ती फुंकली. त्याचा काही उपयोग नव्हता.

ओलीवा रडत बाहेर धावली आणि निन्फाबाईंच्या गळ्यात पडली. निन्फाबाईंनी सर्व हकिगत ऐकली व फुटाण्यांचा पुडा तिच्या हाती दिला.

"आधी खा. रडताना पोटात काहीतरी हवं. आता ऐक. याच्यावर एकच इलाज आहे. पळून जा."

"काकू, आता?"

"आताच. एक रात्र बाहेर काढलीस की तुझ्या बापाला तारीख ठरवावीच लागते. आणि बापानं तारीख ठरवली की संतीणसुद्धा मध्ये पडत नाही. तेवढी रीत तिलाही कळते."

"आई, हा पोरकटपणा पुरे," सेत्तिमो म्हणाला. "तू आधी घरी चल."

ओलीवेने डोळे पुसले. "तू गप्प बस! सापडल्यावर आईला ओढत नेणार? मग संध्याकाळी माझा बाप मला ओढत नेईल तेव्हा कुठल्या तोंडानं त्याला अडवशील? अकरा वर्षं, सेत्तिमो! आज तुझी आई माझ्या आधी पळाली! त्यांना 'हो' म्हण, नाहीतर ही मी चालले. एकटी."

सेत्तिमोने आईकडे पाहिले. "सदरे कोण..." असे काहीसे तो म्हणू लागला होता. निन्फाबाई म्हणाल्या, "इस्त्री कपाटाच्या खालच्या खणात आहे."

"बरं," तो म्हणाला.

त्याने एवढाच एक शब्द उच्चारला. मी तो संमती म्हणून स्वीकारला आणि ओलीवा व फुटाणेवाला यांना साक्षीदार मानले.

मी त्यांना आमची तिकिटे दिली. ती सकाळी साडेआठपर्यंत चालणार होती. डच बाईंचा पत्ताही दिला. निन्फाबाईंनी आपली टोपी ओलीवेला घातली आणि काळा चष्मा सेत्तिमोच्या नाकावर ठेवला. "रात्री खिडकी लावून घे रे, तुला सर्दी होते." बस निघाली तेव्हा तो वरच्या मजल्यावर ताठ बसला होता. तळघरातील वकिलाची मला आठवण झाली.

ओलीवेची स्कूटर आणि मी पन्हळीपासून उचलून आणलेले शिरस्त्राण आमच्याकडे राहिले. मी स्कूटरवरून सावकाश डोंगर उतरलो. निन्फाबाई मागे बसल्या होत्या. आता लपण्याचे कारण नसल्याने आम्ही सरळ बाजारातूनच आलो. पहिल्या मजल्यावरच्या सज्ज्यातून त्यांची शेजारीण ओरडली, "निन्फे, पळून गेली होतीस ना? एवढ्यात आलीस?"

"परवानगी मिळाली," निन्फाबाई म्हणाल्या. "आणि मास्तरांच्या पायांकडं बघू नकोस."

दारापाशी उतरल्यावर त्यांनी शिरस्त्राण काढून मला दिले आणि विचारले, "आत कसं दिसतं हो? लहानपणानंतर मी गेलेच नाही."

मी सांगितले की पाणी ठिबकते, पन्हळी आहेत, आणि देवीचे वस्त्र सोन्याचे आहे. जळमटे दिसली नाहीत.

"बरं," त्या म्हणाल्या. "लग्न झालं की जाऊ."