धुतलेलं जळण

मन्मथअप्पांच्या वखारीला मुखेडात पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. गाव त्यांना ‘धूरप्पा’ म्हणतं. नाव मागच्या वर्षी पडलं. एका लग्नात अकराशे पानांचा भात त्यांच्या बाभळीवर चढवला होता. बाभूळ तोडून तीनच आठवडे झाले होते. भात शिजला नाही, धूर मात्र मांडवभर झाला. नवरीकडची माणसं रडत होती तोवर कुणाला काही वाटलं नाही, ती रडायचीच असतात. नवरदेवाकडचेही डोळे पुसू लागले तेव्हा आचाऱ्याने वखारीचं नाव घेतलं. त्यानंतर आचारी गेले, हॉटेलवाले गेले, आणि शेवटी अप्पांचे साडूसुद्धा गॅसवर गेले.

अप्पा मनाला लावून घेणारे. त्यांनी वाळवण्याचा अभ्यास सुरू केला. मोबाइलवर परदेशातले लोक बर्फात उभे राहून लाकूड वाळवतात, हे पाहून त्यांना आधी शरम वाटली, मग धीर आला. मुखेडात ऊन तरी फुकट होतं. त्यांनी फोडायचं मशीन घेतलं. ओंडके सव्वा फुटाचे कापायचे आणि चार फाका करायच्या, कारण साल असलेला अख्खा ओंडका पाणी सोडत नाही. फाका लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात, मध्ये वाऱ्याला जागा ठेवून रचायच्या. हे पिंजरे पांढऱ्या प्लास्टिकच्या शेडमध्ये. एका टोकाला भंगारातल्या कूलरचे दोन पंखे.

पहिल्या खेपेला अप्पांनी शेड चोहोबाजूंनी गच्च बंद केली, उष्णता वाया जाऊ नये म्हणून. आतली वाफ छताला लागून परत लाकडावर ठिबकली आणि पंधरा दिवसांत अळिंबीच्या अनुदानाला अर्ज करावा इतकी बुरशी आली. मग वर झरोके ठेवले. एका फाकीवर तेलखडूची खूण करून ती दर सोमवारी शेजारच्या किराण्याच्या काट्यावर तोलायची, हा नेम धरला. फाक हलकी होत गेली आणि एका सोमवारी हलकी व्हायची थांबली. पुढचा सोमवारही तसाच गेला. लाकडातलं जाण्यासारखं पाणी गेलं, असा त्याचा अर्थ.

आता ते कुणीतरी मान्य करायला हवं होतं. मान्य करण्याजोगी व्यक्ती गावात एकच, साबेराआपा. त्यांची पाव-टोस्टची लाकडावरची भट्टी मुखेडापासून देगलूरपर्यंत चहात बुडवायला टोस्ट पुरवते. त्यांनी लाकूड घेतलं की बाकीचे न विचारता घेतात, नाकारलं की न विचारता नाकारतात. त्यांनी निरोप दिला: ओलावा मोजायचं मशीन घेऊन येते, वीस टक्क्यांच्या खाली दाखवला तर घेईन, न्हाई तर पुन्हा बोलवू नका.

आदल्या संध्याकाळी अप्पांनी वखारीतल्या गंगम्माला बजावलं की माल स्वच्छ दिसला पाहिजे. रस्त्याच्या कामाची धूळ सगळीकडे बसली होती. गंगम्मा वीस वर्षं तिथे आहे. तिला एकदा सांगितलं की पुरतं.

सकाळी आपा रिक्षातून उतरल्या. पर्समधून हाताएवढं मशीन काढलं, त्याचे दोन खिळे एका फाकीत रोवले. आकडा आला एक्केचाळीस. दुसरीत एकोणचाळीस. तिसरीत चव्वेचाळीस. अप्पांनी खडूवाली फाक पुढे केली, तिनेही चाळीस दाखवले. गेल्या दोन सोमवारी वजनात न हललेली फाक अशी उलटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तोंडाला कोरड पडली. त्या आवारात तेवढीच एक गोष्ट कोरडी आहे असं मशीनचं म्हणणं दिसत होतं.

आपांनी मशीन पुसून पर्समध्ये ठेवलं. “अप्पा, मी काही बोलत न्हाई. हे बोलून राहिलंय.”

कुंपणापलीकडे चार-पाच जण आधीच उभे होते. उद्या ‘धूरप्पा’ला नवीन काय जोडायचं याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

गंगम्मा पाइप गुंडाळत होती. ती मान वर न करता म्हणाली, “ओलं दिसणारच की. पाव्हणे येणार म्हणून पहाटेपासून एकेक धुतलंय मी.”

अप्पांनी आधी पाइपकडे पाहिलं, मग लाकडाकडे. इतकं चकचकीत जळण मराठवाड्यात पूर्वी झालं नसावं.

“आपा,” अप्पा म्हणाले, “एक फोडून आतून बघा. एवढंच करा.”

फोडायच्या मशीनचं बटण दाबलं तर लाइट गेलेली. मग अप्पांनी कुऱ्हाड घेतली. मशीन आल्यापासून तिच्याशी बोलणं नव्हतं. पहिला घाव बाजूला गेला, दुसरा अडकला, तिसऱ्याला फाक कडकन उभी चिरली. आपांनी ताज्या चिरेवर खिळे रोवले. सतरा. दुसरी फोडली, सोळा. खडूवाली फोडली, सतरा. शेडच्या मधल्या पिंजऱ्यातली मागवली, अठरा. अप्पा खाली बसले.

“वरून ओलं, आतून कोरडं,” आपा म्हणाल्या. “माझा टोस्ट असा निघाला असता तर गावानं मलाबी नाव ठेवलं असतं.”

तरी त्या बाई पक्क्या. फोडलेल्या फाकांच्या चिपा त्यांनी गंगम्माच्या चुलीत घालायला लावल्या आणि चहा मागितला. कुंपणापलीकडचे सरसावले. चूल पेटली, जाळ निळसर-पिवळा उभा राहिला, पाण्याला उकळी आली, आणि धूर काही येईना. थोडा वेळ वाट पाहून मंडळी निघून गेली. एकाला तर म्हणे महत्त्वाचं काम आठवलं.

चहा पिऊन आपांनी सांगितलं की धुतलेला माल दोन दिवस उन्हात टाका, मग आठवड्याला एक टेम्पो पाठवा. आणि ह्या गंगम्माला माझ्या भट्टीवर पाठवा, तिथं धुवायला लई हाय. गंगम्मा म्हणाली, अप्पांना कोण बघंल.

रिक्षात बसता बसता आपांनी मोबाइल काढला, काहीतरी शोधलं. स्क्रीन अप्पांना दिसली. नंबर त्यांचाच होता, वर लिहिलं होतं ‘धूरप्पा लाकूड’.

“नाव काय तुमचं?” आपांनी विचारलं. “म्हंजे, खरं.”

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. सांगण्याआधी अप्पांना घसा खाकरावा लागला. धूर तर कुठेच नव्हता.