धाकट्याचं ‘नको’

धाकट्याने दादाला एक मूत्रपिंड दिलं. शस्त्रक्रिया पार पडली, दोघे भाऊ आपापल्या पायांनी घरी आले, दादाच्या चेहऱ्यावर रंग परतला आणि आईने सगळ्या शेजाराला सांगितलं, की पोरं माझी गुणाची.

एवढं सांगून झालं. आता ते विसरा. असं काही घडलेलंच नाही. धाकट्याची दोन्ही मूत्रपिंडं अजून त्याच्याचकडे आहेत, पाठीला पाठ लावून झोपलेल्या दोन मांजरांसारखी, आणि गोष्ट आत्ता कुठे सुरू होते आहे.

धाकटा तसा पन्नाशीला टेकलेला, पण घरात जो धाकटा तो टक्कल पडलं तरी धाकटाच. लग्न राहून गेलेलं. राहायला माडीवरची खोली आणि जिन्याखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, आणि भिंतभर घड्याळं, ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलून अचूक जागेवर बसवणारा हा माणूस, इंजेक्शनची सुई दिसली की तोडलेल्या झाडासारखा आडवा व्हायचा.

दादा पाणीपुरवठ्यात साहेब होता. गावाचं पाणी त्याच्या सहीने सुटायचं. पुढे त्याच्याच अंगात पाणी साठायला लागलं आणि तिथे कुणाची सही चालेना. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वहिनीचं मूत्रपिंड जुळलं नाही, आईचं वय झालेलं. उरला धाकटा.

दादाने मागितलं नाही. दादा कधीच मागत नसे, तो “जरा बघतो” म्हणायचा. लहानपणी धाकट्याची सायकल “जरा बघतो” म्हणून नेली, ती अजून बघतोच आहे. मग खिडकीजवळची खोली बघितली. मग वडिलांचं मनगटी घड्याळ, जे धाकट्यानेच चालू केलं होतं.

“एकटा जीव तू,” दादा म्हणाला, “तुला दोन कशाला? चैन आहे ती.”

“मला सुईची भीती वाटते,” धाकटा म्हणाला.

हे खरंच होतं. पहिल्याच तपासणीला नर्सने सुईचं टोपण काढलं आणि धाकटा ट्रेसकट खाली गेला. शुद्धीवर आला तेव्हा दादा वरून बघत होता. “ह्याला आधी दुरुस्त करून आणा,” तो म्हणाला.

डायलिसिसच्या नर्सने सुचवलं, की तिसऱ्या मजल्यावर एक बाई बसतात, संमोहनाने भीती घालवतात. घरी बैठक बसली.

“माझ्या माहेरी एकाला स्टेजवर संमोहित करून कोंबडा केलं होतं,” वहिनी म्हणाली. “तो माणूस पुढे जन्मभर पहाटे उठायचा.”

“आणि ह्याचे डोळे उघडलेच नाहीत तर?” आई म्हणाली.

“तर तसाच ऑपरेशनला नेऊ,” दादा म्हणाला. “सोयीचंच.” मग जरा विचार करून, “आणि हे बघ, त्या बाई आत शिरणारच आहेत तर त्यांना म्हणावं, एक ‘हो’पण टाकून द्या. तसा तो देणारच आहे. पण पक्कं असलेलं बरं.”

बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, खिडकीत एक झाड होतं आणि वर करकरणारा पंखा होता. धाकट्याने धंद्याच्या नजरेने चारही भिंती पाहिल्या.

“लंबक नाही?”

“तुमच्या दुकानात असतील की. कुणी झोपलंय कधी?”

“उलट चिडतात. घड्याळ कधी मिळणार म्हणून.”

वहिनीने दारातूनच ‘हो’चं काम सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “असं काही टाकता येत नाही हो. हे काही बेशुद्ध होणार नाहीत. सगळं ऐकतील, सगळं आठवेल, नको वाटलं तर उठून चालायला लागतील. ह्यांना जे मनापासून नको आहे, ते माझ्या सांगण्याने हवंसं होणार नाही.”

वहिनी घरी येऊन म्हणाली, “नवख्या दिसतात. साधा कोंबडासुद्धा करता येत नसणार.”

आत बाईंनी धाकट्याला डोळे मिटून भिंग लावायला सांगितलं. म्हणजे मनातल्या मनात. मग चिमटा, मग ती केसाएवढी स्प्रिंग. धाकट्याचा श्वास आपोआप हळू झाला. त्याला पंखा ऐकू येत होता, नाकाला खाज आली तेव्हा त्याने खाजवलंही. पण हात स्थिर होते आणि त्या स्थिरपणात बाईंनी हळूच एक सुई आणली. ती सुई म्हणजे आणखी एक बारीक अवजार होतं, एवढंच.

“पण मी जागाच होतो,” धाकटा नंतर तक्रारीच्या सुरात म्हणाला.

“जागेच असतात सगळे. भिंग लावलं की तुमचा चहा गार होतो ना? कुणी हाक मारली तर ऐकू येऊनही येत नाही? तेच हे. तुम्ही रोज करता, मी फक्त सुईच्या दिशेने वळवलं.”

काही दिवस असं चाललं. मग पुन्हा तपासणी. नर्सने सुई घातली आणि धाकटा रक्त नळीत चढताना बघत राहिला, जसं गिऱ्हाईक आपल्या घड्याळाची दुरुस्ती बघतं. “झालं?” त्याने विचारलं. नर्सने दुसऱ्या नर्सला बोलावून आणलं. कॉरिडॉरमध्ये टाळ्या वाजल्या. वहिनीने दादाला फोन लावून धाकट्याच्या कानाशी धरला.

“शाब्बास!” दादा म्हणाला. “आता काय अडचण नाही. मग कधी?”

“नको, दादा,” धाकटा म्हणाला. “मला नाही द्यायचं.”

सगळ्यात जास्त दचकला तो स्वतःच. इतके महिने त्याची समजूत होती, की दारात सुईची भीती बसली आहे म्हणून आत जाता येत नाही. भीती उठून गेली. आणि बघतो तर मागे हे ‘नको’ मांडी घालून निवांत बसलेलं, जणू सायकलीच्या वेळेपासून तिथेच होतं आणि आपला नंबर कधी येतो याची वाट बघत होतं.

घरात वीज पडल्यासारखं झालं.

“कारण काय?” वहिनीने विचारलं.

“कारण नाही.”

“कारण नाही म्हणजे? कारणाशिवाय कुणी नको म्हणतं का?”

“मला तर वाटतं ‘हो’ला कारण लागतं. ‘नको’ला काय लागायचं?”

आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मात कधी इतकं लांब वाक्य तो बोलला नव्हता. “हा आपला नाही बोलत,” ती हळूच म्हणाली. “ह्याच्यात ती बाई बोलतेय.”

झालं. निदान ठरलं. धाकट्याला संमोहन चढलं आहे आणि बाईंनी ते उतरवलेलंच नाही. वहिनी येता-जाता त्याच्या नाकासमोर चुटक्या वाजवू लागली. एकदा तो जिना उतरत असताना मागून जोरात थाळी वाजवली, तो उरलेला जिना एकदम उतरला, तरी उठला नाही असं सर्वानुमते ठरलं, कारण खाली पडल्या-पडल्या त्याने “नको म्हटलं ना!” असंच म्हटलं होतं.

हळूहळू एक नियम तयार झाला.

“चहा घेणार?”

“हो.”

“बघा, हा आपला.”

“साखर?”

“नको.”

“बघा. ही बाई.”

दुकानातही गोष्ट पोचली. नेहमीच्या गिऱ्हाइकाने आपलं घड्याळ टेबलावरून परत उचललं. “जागे झालात की आणतो,” तो अगदी सहानुभूतीने म्हणाला.

शेवटी धाकटा बाईंकडे गेला. “मी जागा आहे असं लिहून द्याल?”

“देईन की,” बाई म्हणाल्या. “पण त्यांना वाटेल, ते मागायलाही मीच तुम्हाला लावलं.”

“लिहिणार तर तुम्ही.”

“तेच तर.”

बाईंची अवस्थाही काही बरी नव्हती. वहिनी आणि आई येऊन त्यांना “उतरवा” म्हणून बसल्या होत्या, आणि “चढवलंच नाही तर उतरवू काय?” हे उत्तर वहिनीने इस्पितळाच्या वरिष्ठांपर्यंत पोचवलं होतं. त्यावर त्यांनी नियम केला, की यापुढे बाईंनी कुणाचीही भीती घालवायची असेल तर आधी नातेवाइकांची परवानगी घ्यावी. बाई म्हणाल्या, “आता निम्म्यांची भीतीच नातेवाइकांची असते. काय करू सांगा.”

पण धाकट्याला मोडलं ते चुटक्यांनी नाही. आईने मोडलं, आणि तेही काही न करता. ती त्याला “बाळ्या” म्हणायची थांबली. ताट वाढायची, पण त्याच्याकडे न बघता वहिनीला सांगायची, “ह्यांना म्हणावं, जेवून घ्या. माझा बाळ्या परत आला की मी बसेन त्याच्याबरोबर.” पाहुण्याशी बोलावं तसं अहो-जाहो. एकदा रात्रीच्या जेवणाला त्याने “आई, मीच आहे गं” म्हटलं, तर तिने पदराने डोळे पुसले आणि वहिनीला म्हणाली, “आवाज अगदी त्याच्यासारखा काढतात.”

मग रविवारी दुपारी घरच्या घरी उपाय करायचा ठरला. बाईंना जमलं नाही कारण त्यांच्याकडे लंबकच नाही, हे वहिनीच्या केव्हाच लक्षात आलं होतं. तिने दुकानात जाऊन भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या घड्याळाचा पितळी लंबक काढून आणला. घड्याळ गिऱ्हाइकाचं होतं. धाकटा म्हणाला, “तो नको, त्याचा हूक नाजूक आहे.” कुणी लक्ष दिलं नाही. नको म्हणणारी बाई होती.

लंबकाला नाडी बांधली. धाकट्याला खुर्चीत बसवलं. समोर आई, हातात लंबक. शेजारच्या आरामखुर्चीत दादा, कारण हुकूम सोडायला घरात दुसरं कुणी सरावलेलं नव्हतं.

“लंबकाकडे बघ,” दादा म्हणाला. “तुझे डोळे जड होताहेत. तू आता उठणार आहेस.”

“आधी झोपणार की आधी उठणार?” धाकट्याने विचारलं.

“मधे बोलू नका हो बाई,” वहिनी त्याच्याकडे बघून म्हणाली.

लंबक हलत राहिला. आईने नाडी लांब धरली होती, त्यामुळे तो सरळ जाईना, गोल फिरायला लागला. धाकट्याच्या मनात आलं, नाडी दोन बोटं कमी केली तर नीट चालेल. आणि बघता-बघता एक मान कलली.

दादाची.

आदल्या दिवशीच्या डायलिसिसने पिळून निघालेला तो माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. घोटे सुजलेले, मोज्यांचे वण पडलेले. मनगटावर वडिलांचं घड्याळ, आणि ते थोडं मागे पडलेलं. धाकट्याला त्याची दया आली असती तर फार बरं झालं असतं. निदान ती तरी त्याची स्वतःची असती. पण त्याला फक्त त्या घड्याळाचे काटे पुढे करावेसे वाटले.

“बघ, लागू पडतंय,” आई वहिनीच्या कानात म्हणाली आणि लंबक जोरात फिरवायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती धाकट्याकडे बघत होती, पण दारातून आत कोण येतंय ते बघावं तशी, त्याच्या आरपार. “बाळ्या,” ती म्हणाली. “ये रे. किती वेळ झोपतोस?”

कित्येक दिवसांनी ती हाक. त्याच्यासाठी नव्हती ती, त्याच्यातून जो यायचा होता त्याच्यासाठी होती. धाकटा पूर्ण जागा होता. लांब कुठेतरी घड्याळांची कुरबुर ऐकू येत होती. नाकाला खाज आली होती. उठून जाता आलं असतं. बाईंनी तसं साफ सांगितलं होतं, नको वाटलं तर उठून चालायला लागायचं. पण बाई तिसऱ्या मजल्यावर होत्या आणि आई समोर होती.

“देतो,” तो म्हणाला.

“काय म्हणालास?”

“देतो गं आई. दादाला देतो.”

लंबक हातातून सुटला आणि जमिनीवर पडून त्याचा हूक तुटला. “उठला!” आई ओरडली. “माझा बाळ्या उठला!” तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. वहिनीने देवाचे आभार मानले आणि मग लगेच स्वतःचेही. त्या गडबडीत दादा जागा झाला आणि म्हणाला, “बघ. म्हटलं नव्हतं?”

इस्पितळाची समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, तीन चष्मे. नियमच आहे, देणाऱ्याला एकट्याला बोलावून विचारायचं. दाराला काच होती आणि काचेपलीकडे आई, वहिनी आणि व्हीलचेअरमधला दादा असे ओळीने दिसत होते.

“सुईची भीती होती म्हणे?”

“गेली.”

“संमोहनाचा काही परिणाम शिल्लक आहे का?”

धाकटा काचेकडे बघत म्हणाला, “घरच्यांचा?”

“बाईंच्या संमोहनाचा.”

“ते चढलंच नव्हतं.”

“तुमच्यावर कोणाचं दडपण?”

आईने काचेवरून हात हलवला.

“नाही,” धाकटा म्हणाला.

समितीने खाली माना घालून लिहून घेतलं. इतक्या महिन्यांत त्याचं हे पहिलंच ‘नाही’, जे कुणीही मागे न वळवता, चुटकी न वाजवता, तिथल्या तिथे मान्य झालं.

“अजून काही सांगायचं आहे?” मधल्या चष्म्याने विचारलं. विचारायची पद्धत असते. पेनाचं टोपण लागलं होतं.

धाकटा उभा राहिला. दादाच्या कचेरीतल्या अर्जांची भाषा त्याने वर्षानुवर्षं ऐकली होती. ती आज पहिल्यांदा कामाला आली.

“सन्माननीय समितीस विनंती, की सदर शस्त्रक्रियेत एका मूत्रपिंडाव्यतिरिक्त दुसरे काहीही काढण्यात येऊ नये. तसेच, अर्जदाराचे एक ‘नको’ काही काळापासून त्याच्या कुटुंबीयांच्या ताब्यात असून, ते वापरलेले नसल्याने चालू स्थितीत आहे. तरी योग्य ती चौकशी होऊन, टाके निघण्यापूर्वी, अर्जदार जागा असल्याची खात्री करून, ते मूळ मालकास समक्ष परत करण्यात यावे.”