गार गोळा

मित्रांनो, आधी शपथ घेते. माझ्या पितळेची शपथ, आणि ज्या चर्चच्या तळघरात माझं अर्धं आयुष्य गेलं त्या चर्चच्या घंटेची शपथ. पुढे सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर मला खुशाल वितळवा आणि नळाची तोटी करा.

मी एक जुनी सोडतीची टोपली आहे. पितळी तारांची, भोपळ्यासारखी गोल, दोन खांबांवर आडवी टांगलेली. दांडा फिरवला की माझ्या पोटातले गोळे खडखडतात. मग दार उघडायचं, हात घालायचा, एक काढायचा. मला क्लीव्हलंडच्या एका स्लोव्हाक कारागिराने घडवलं. त्याचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा कायम बायकोवर असायचा, म्हणून माझं दार आजही तिरकं बसतं.

चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी तंबोला चालायचा. मीच त्याची महाराणी. ह्रुस्का नावाच्या एका विधवेने लागोपाठ अकरा शुक्रवार डुकराची अख्खी तंगडी जिंकली. बाराव्या शुक्रवारी पाद्रीबाबांनीच तिला घरी एक तंगडी पाठवली आणि आज येऊ नका म्हणून हात जोडले. असे दिवस होते. मग पोलादाचे कारखाने बंद पडले. माणसं गेली, बाकं विकली गेली, चर्चला कुलूप लागलं. मी नऊ वर्षं अंधारात होते. एका उंदरिणीने माझ्या पोटात पणतवंडं पाहिली.

मग त्या इमारतीत शाळा आली. करारावरची शाळा म्हणजे पैसा सरकारचा, कारभार आपला, आणि दर पाच वर्षांनी परीक्षा मुलांची नव्हे, शाळेचीच. पास झाली तर करार पुढे, नापास झाली तर दाराला कुलूप. तोवर त्या वस्तीत काळी माणसं राहायला आली होती. अर्ध्या घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. जवळच्या सरकारी शाळेत छतातून पाणी गळायचं. त्यामुळे चोवीस जागांना एकशे बेचाळीस अर्ज आले. कायदा म्हणतो, जागेपेक्षा मुलं जास्त असली तर सोडत काढा. शाळेच्या कचेरीतल्या मिस वर्डेल तळघरात उतरल्या, मला शोधलं, व्हिनेगरने घासलं आणि म्हणाल्या, "बाई, तू माझ्याच वयाची दिसतेस. चल, कामाला लाग."

त्या एप्रिलमधली ती पहिली सोडत मी विसरले नाही. आया रविवारचे कपडे घालून आल्या होत्या. डोक्यावर टोप्या, हातात अर्जाचा आकडा. मिस वर्डेलच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. एकेक गोळा निघाला की कुणीतरी रडायचं, आणि चोविसावा निघाला की बाकीच्या सगळ्या रडायच्या. तंबोल्यात हरलेली माणसं हसत घरी जायची. इथे तसं नव्हतं.

आता माझा गुन्हा सांगते. माझा म्हणजे आमच्या दोघींचा.

चौथ्या वर्षी केझाया नावाची आठ वर्षांची मुलगी आईबरोबर अर्ज द्यायला आली. पत्त्याच्या रकान्यात आईने, डॅनेटने, लाँड्रीचा पत्ता लिहिला होता. मिस वर्डेलनी विचारलं, लाँड्रीत कसं राहता? डॅनेट म्हणाली, लाँड्रीत नाही, लाँड्रीसमोर. गाडीत. त्या मुलीच्या पाच शाळा झाल्या होत्या आणि तिला स्वतःच्या नावापलीकडे काही वाचता येत नव्हतं.

त्या रात्री मिस वर्डेलनी केझायाचा गोळा घरी नेला आणि फ्रीजरमध्ये, कोंबडीच्या तंगड्यांखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सोडतीच्या तोंडावर तो माझ्यात टाकला. माझ्या तारा शहारल्या. रुमाल बांधलेल्या त्या बाईचा हात आत आला, चाचपत फिरला, आणि गारव्यापाशी थांबला.

हे त्यांनी पहिल्यांदा केलं नव्हतं. पहिल्या सोडतीपासून दर वर्षी एक गोळा. ज्याचं घर सगळ्यात वाईट, त्याचा.

केझाया दोन वर्षांत वाचायला शिकली. दिसेल ते मोठ्याने वाचायची: बॉयलरवरच्या धोक्याच्या सूचना, दुधाच्या खोक्यावरची तारीख. आणि ती एकाच शाळेत दोन वर्षं टिकली, हे डॅनेटला वाचण्यापेक्षाही मोठं वाटायचं.

मग शाळेची परीक्षा आली. सरकारी मंडळाने टॉलिव्हर नावाच्या बाईंना तपासणीला पाठवलं. हुशार बाई. नुसते गुण बघून त्या फसत नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं, की ज्यांचा गोळा निघाला आणि ज्यांचा राहिला ती मुलं एकाच गल्लीतली, सगळ्यांच्या आया एकाच रांगेत उभ्या राहिलेल्या. फरक फक्त आंधळ्या नशिबाचा. म्हणून दोघांचं वाचन तपासलं की शाळेने काय दिलं ते कळतं. मित्रांनो, ऐकून माझी छाती फुगली. इतकी वर्षं मी नुसती टोपली होते, आता तराजू झाले.

आणि शाळा पास होत होती. थोडक्यात, पण होत होती. एक कागद राहिला होता. सोडत काढणाऱ्याने लिहून द्यायचं, की यात कुणाचा हात नव्हता.

मिस वर्डेलनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

मुख्याध्यापक कॅल्हून म्हणाले, "मिस वर्डेल, कागदच आहे हो तो. सही करा, मग जेवायला जाऊ."

"सत्तर वर्षं मी देवापुढे हात वर करून गाते, कॅल्हून. तोच हात आहे हा."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोंबडीच्या तंगड्यांसकट. टॉलिव्हरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाचही वर्षांच्या पाच मुलांची नावं विचारून घेतली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. कॅल्हून एवढंच पुटपुटले, की हे सकाळी गाडीत सांगितलं असतंत तर मी तुम्हाला घरी सोडलं असतं.

टॉलिव्हरबाईंनी ती पाच मुलं वगळून पुन्हा हिशेब मांडला. शाळेचे गुण आधीपेक्षा वर गेले. तसं त्यांनी मंडळाला सांगितलंही. पण मंडळ म्हणालं, सोडतीत लबाडी म्हणजे करार मोडला. गुण कितीही असोत.

सुनावणीच्या दिवशी मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. डॅनेट उठली. म्हणाली, "माझ्या मुलीला पाच शाळांनी दार दाखवलं. या बाईंनी फ्रीजर उघडला. शिक्षा करायची तर मला करा, शाळा कशाला बंद करता?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकलो.

मग मागच्या रांगेतून पिकेन्सआजी उठल्या. चर्चमध्ये मिस वर्डेलच्याच बाकावर बसणाऱ्या. त्यांचा नातू त्याच चौथ्या वर्षी हरला होता. त्या मंडळाकडे बघतच नव्हत्या.

"वर्डेल, माझा नातू हरला तेव्हा मी त्याला सांगितलं, नशीब आहे बाळा, त्यात तुझी चूक नाही. आता काय सांगू? तू पुरेसा गरीब नव्हतास?"

त्यांची अडीच मिनिटं शिल्लक होती. त्या तशाच उभ्या राहिल्या. मिस वर्डेल खाली बघत होत्या. कुणीही टाळी वाजवली नाही.

पाच विरुद्ध दोन मतांनी शाळा बंद झाली. जूनमध्ये खुर्च्या ट्रकमध्ये चढल्या. शेवटच्या दिवशी केझाया माझ्याजवळ आली, माझा दांडा एकदा रिकामाच फिरवला आणि दारातून हात हलवून गेली.

आता मी मंडळाच्या कपाटात आहे, मानेला पुराव्याचं लेबल. वर्षभराने टॉलिव्हरबाई माझ्यावरचा क्रमांक उतरवून घ्यायला आल्या. त्यांच्या कागदावर प्रत्येक मुलापुढे नव्या शाळेचं नाव होतं. केझायापुढे लिहिलं होतं, सापडली नाही. कारकुनाने विचारलं, रकाना मोकळाच सोडू का? त्या म्हणाल्या, नको, लिहिलंय तसंच राहू द्या.

मित्रांनो, मला डुकराच्या तंगड्या वाटायला सांगा, मी आनंदाने गरगर फिरेन. पण कोणतं मूल शिकेल हे माझ्या पोटातून काढू नका. तेवढ्या खुर्च्या करा. सुतार अजून जिवंत आहेत.

आणि एक कबूल करते, कारण शपथ मोठी घेतली होती. ह्रुस्काबाईंचे अकरा शुक्रवार खरे, उंदरीणही खरी. पण शेवटच्या दिवशी केझाया आली नव्हती. त्याच्या दोन आठवडे आधीच त्यांची गाडी लाँड्रीसमोरून निघून गेली होती. माझा दांडा कुणी फिरवला नाही.