धुळ्याहून आलेले सात चाकू

जळगावच्या दाणाबाजारात चंपालालशेठच्या दोर-खिळ्यांच्या दुकानाचा ओटा म्हणजे अभिमनची जागा, हे पोस्टमनलासुद्धा पाठ होतं. अभिमनला भावाचं पत्र आलं की पोस्टमन त्याच्या पिंप्राळ्याच्या घरी जायचाच नाही. सरळ ओट्यावर टाकायचा.

अभिमन धार लावायचा. पण कोयते, कुऱ्हाडी, विळे घेऊन कुणी आलं की त्याला लोहाराकडे पिटाळायचा. त्याचं काम घडीच्या चाकूंचं. बंडीच्या खिशात मावेल तेवढाच चाकू, एका पात्याचा नाहीतर दोन. त्या दिवसांत खानदेशात बाजाराला निघालेला माणूस टोपी विसरेल पण चाकू विसरायचा नाही. गोणीचा टाका उसवायला, भाकरीबरोबरचा कांदा चिरायला, बैलाची वेसण कापायला, सगळ्याला तोच. आणि सगळ्यांचे चाकू शेवटी अभिमनपुढे येऊन पडायचे.

पडायचे म्हणजे खरंच पडायचे. चाकू हातात द्यायचा नाही, दिला की भांडण होतं, म्हणून गिऱ्हाईक तो गोणपाटावर ठेवायचं आणि मग अभिमन उचलायचा. आधी पातं उघडायचा, नखावर धार अडते का बघायचा, पात्याच्या मुळाशी साचलेली घाण बाभळीच्या काट्यानं काढायचा. मग समोरच्या सहाणेवर पाणी शिंपडून काम सुरू. ती सहाण म्हणजे जाड लाकडी चौकटीत बसवलेला हातभर लांबीचा दगड. एकट्याला उचलवायची नाही. शेवटचा हात इतर लोक चामड्यावर देतात. शेठ जैन, त्यांच्या ओट्यावर चामडं नको म्हणून अभिमननं पहिल्याच वर्षी जाड कापडाचा पट्टा शिवून घेतला होता, आणि तो शेठनं न सांगता.

असं अठरा वर्षं चाललं. मग अडुसष्टच्या पावसाळ्यात चातुर्मासाला मोठे महाराजसाहेब गावात आले आणि चंपालालशेठ रोज पहाटे जैन स्थानकात जाऊ लागले. पर्युषण जवळ आलं. एका दुपारी दुकानातून बाहेर येऊन ते अभिमनशेजारी टेकले.

"अभिमन, मी श्रावकाची बारा व्रतं घेणार आहे. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला."

"चांगलं शे ना शेठ."

"त्यातलं एक असं आहे की हत्यार कुणाला द्यायचं नाही. दुसऱ्यानं हिंसा करावी असं साधन आपण पुरवायचं नाही. दुकानातले चाकू-सुऱ्या मी परवाच काढून टाकल्या. राहिला ओटा." शेठनं रस्त्याकडे बघत सांगितलं. "तू इथे धार लावतोस. त्या धारेनं कुणी काही मारलं, तर माझ्या ओट्याचा त्यात वाटा झाला."

महाराजसाहेबांनी एवढं ताणून सांगितलं असेल असं काही नाही. पण चंपालालशेठ दोर मोजतानासुद्धा गिऱ्हाइकाला वीतभर जास्त द्यायचे; व्रत ते कमी मापानं कसं घेणार?

"तू आत ये," शेठ म्हणाले. "खिळे जोखायला बस. वर पंखा आहे. आयुष्यभर बस, मी नाही म्हणणार नाही."

अभिमननं पुन्हा सहाणेवर पाणी शिंपडलं. पण त्या दिवशी एका मास्तराच्या चाकूवर त्यानं इतका जोर दिला की मास्तरच म्हणाला, अरे, जरा बेतानं.

घरी बायकोला, सुंदरबाईला, हे सांगितलं तर तिला आनंदच झाला. "शेठ इतलं सांगस तं बसी जा ना मझार," ती म्हणाली. "सावली शे, पंखा शे. पावसाळामा भिजनं नही."

"मना जनम काय खिळा जोखाले शे?" अभिमन भडकला. खिळे जोखणं वाईट होतं असं नाही. पण ज्या हाताला आंधळ्यासारखं चाचपून धार कळते तो हात तराजूत खिळे टाकायला लावायचा, याची त्याला चीड आली. ओटा सोडायचा नाही. त्यानं मनाशी ठरवलंच. रात्रभर तळमळणाऱ्यातला तो नव्हता. जेवला आणि गाढ झोपला.

सकाळी येताच त्यानं शेठला गाठलं.

"शेठ, कोनता चाकू काय कापस, हाई माले पातं देखीसन समजस. भाजीना, दोरीना, कापूसना चाकू तेवढा मी करसू. जीव लेवाना चाकू व्हयी तं परत धाडसू. मग तं तुमना ओटाले पाप नही?"

"लोक खोटं सांगतील."

"लोक सांगतीन. चाकू खोटं बोलस नही."

शेठला हसू आलं. खरं तर त्यांनाही काहीतरी वाट हवीच होती. अठरा वर्षं बसलेला माणूस ओट्यावरून उठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण व्रताशी खेळ नको. ते म्हणाले, "परीक्षा देशील? मोतीलाल दोराच्या मालासाठी धुळ्याला चाललाय. तिथून तो अनोळखी लोकांचे सात चाकू आणेल. इथले नकोत, इथले तुला तोंडपाठ आहेत."

"एक जरी चुकनू तं मी उठी जासू," अभिमन म्हणाला. "खिळासना कामले बी नही येनार."

मोतीलाल हा शेठचा दुकानातला माणूस. मोठा चोख, आणि चोखपणाचा त्याला जरा जास्तच अभिमान. तो धुळ्याहून संवत्सरीच्या आदल्या दिवशी आला. सात चाकू, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा, आणि कुठल्या रंगाचा मालक कोण आणि चाकूनं काय करतो ते लिहिलेली चिठ्ठी शेठच्या खिशात. ही बातमी एवढ्यात बाजारभर झालीच होती. हमाल, दलाल, टांगेवाले, समोरचा पानवाला, सगळे ओट्याभोवती जमले. छगन हमाल तर पाठीवरची गोणी वाटेत टाकून आला.

मोतीलालनं चाकू एका ओळीत गोणपाटावर मांडले. अभिमननं पहिला उचलला. पातं उघडलं, बिजागरीत काटा फिरवला. काट्याच्या टोकाला पांढरं तुसासारखं काहीतरी आलं.

"कापूसना दलाल. टोक तेवढं घासायेल शे, गाठ फाडीसन नमुना काढस."

शेठनं चिठ्ठी बघितली. "बरोबर."

दुसरा त्यानं नाकाजवळ नेला आणि सटासट तीन शिंका दिल्या. लोक हसू लागले. "मिरचीना व्यापारी," अभिमन डोळे पुसत म्हणाला. "दोंडाईचाना नही व्हयी तं माले सांगा."

"दोंडाईचाचाच," शेठ म्हणाले, आणि त्यांच्याही चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

तिसऱ्याच्या पात्यावर मधोमध पेन्सिली तासून आलेली शिशाची चकाकी होती, तो मास्तरचा. चौथ्याची धार उलट्या बाजूनं झिजलेली. तो डावखुऱ्याचा, आणि सुपारीच्या डागांवरून पान खाणाऱ्याचा. पाचव्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे घासूनही जात नाहीत. तो यावलकडून धुळ्याला माल घेऊन गेलेल्या बागवाल्याचा. प्रत्येक वेळी शेठ "बरोबर" म्हणायचे आणि प्रत्येक वेळी गर्दी एक पाऊल पुढे सरकायची. अभिमनच्या अंगात आता वारं भरलं होतं.

सहावा त्यानं उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग डोकं खाजवत म्हणाला, "हाऊ चाकू काहीच कापस नही. इकत ल्हिना तशाच शे. खिसामा ठेवाना आनि लोकसले दखाडाना."

शेठनं चिठ्ठी बघितली आणि मान वळवून मोतीलालकडे बघितलं. मोतीलाल कानापर्यंत लाल झाला. धुळ्यात सहाच मिळाले होते, म्हणून सातवा त्यानं स्वतःचा घातला होता. पानवाल्यानं जी शिट्टी मारली ती स्टेशनपर्यंत गेली असेल.

शेवटचा चाकू स्वच्छ होता. राखेनं घासून इतका लखलखीत केला होता की मिशी कोरताना आरसा म्हणून चालला असता. अभिमननं तो बराच वेळ धरला. पात्याच्या मुळाशी, जिथे माणूस सांध्यावर जोर देतो तिथे, बारीक बारीक दाते पडले होते. मुठीतल्या कमानीखाली काटा घातला तर पिवळट चरबी निघाली.

"कोंबडी कापस," तो म्हणाला. "कधीमधी बकरं बी. घरना लोकसले आवडत नही, म्हनीसन इतला धुवस."

चिठ्ठीत लिहिलं होतं, देवपूरचा एक टांगेवाला, घरच्यांपासून लपवून खातो. शेठनं ते मोठ्यानं वाचलं. ओट्याभोवती एकच गलका झाला. कुणी अभिमनच्या पाठीवर थाप मारली. चंपालालशेठ दोन्ही हात जोडून म्हणाले, "जिंकलास भाई. ओटा तुझा. असा चाकू आला की परत पाठवायचा, बस."

अभिमन हसत हसत वर बघू लागला, आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

समोर छगन हमाल उभा होता. त्याचा उजवा हात बंडीच्या खिशावर होता, घट्ट दाबलेला. त्याच्या शेजारच्या टांगेवाल्याचा हातही खिशावर. पानवाल्यानं तर हातातला चाकू खांद्यावरच्या फडक्याखाली सारला होता. गर्दीतले दलाल, मास्तर, ज्याच्या ज्याच्याकडे चाकू होता त्या प्रत्येकाचा हात खिशाकडे गेला होता. आपण काय केलंय हे त्यांना कळतही नसावं. माणसाच्या घरातलं कुणी उघडं करू लागलं की हात आपोआप जातो.

शेठनंही ते बघितलं. त्यांनी हळूच विचारलं, "अभिमन, एवढं कळतं म्हणजे ही अठरा वर्षंही तुला कळत होतं? कुठला चाकू कशाचा?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. असा चाकू तुमच्या ओट्यावर कधी आलाच नाही, एवढंच म्हणायचं. शेठनी विश्वास ठेवला असता, आणि छगननं तर नक्कीच तोंड उघडलं नसतं.

"कळत व्हतं," अभिमन म्हणाला. "बठ्ठं कळत व्हतं."

"आणि तरी लावत होतास?"

"चाकू ऊना, मी धार लावी. कोन काय खास, काय लपाडस, हाई मी कोनलेच नही सांगं. घरना बाईले बी नही." त्याला स्वतःचाच राग आला होता. ओट्यासाठी म्हणून त्यानं आज धुळ्यातल्या एका टांगेवाल्याचं घर भर बाजारात उघडं केलं होतं. त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नव्हतं, हे खरं. पण छगनचं नाव सगळ्यांना माहीत होतं. उद्या छगननं चाकू ठेवला आणि अभिमननं तो परत सारला, की साऱ्या बाजाराला कळणार छगनच्या घरी काय शिजतं. आणि परत सारला नाही, की शेठचं व्रत मोडणार. असा धार लावणारा ओट्यावर बसला काय आणि न बसला काय, त्याच्यापुढे खिसा उघडायला कोण येणार?

तो उठला. गोणपाट झटकलं, घडी केली. तेलाची बाटली, काटा, कापडाचा पट्टा, सगळं त्यात गुंडाळलं.

"शेठ, मी समोर बससू. निंबना झाडखाले."

"अरे, पण तू जिंकलास!"

"हा ना. म्हनीसन तं उठनू."

शेठला ते कळलं की नाही, देव जाणे. मला वाटतं, कळलं. कारण त्यांनी पुढे एक शब्दही समजावणी केली नाही. अभिमन सहाणेच्या चौकटीशी वाकला, पण एकट्याला ती उचलवेना. कुणी मदतीला पुढे येईना. बाजाराला अजून समजत नव्हतं की आता कुणाच्या बाजूनं व्हायचं. तेव्हा चंपालालशेठनी धोतराचा सोगा खोचला आणि सहाणेचं दुसरं टोक धरलं.

"शेठ!" मोतीलाल ओरडला. "धारेचा दगड आहे तो! व्रत…"

"व्रत उद्या आहे," शेठ म्हणाले. "आज उचलू दे."

दोघांनी ती सहाण बैलगाड्यांच्या मधून, चिखल चुकवत, रस्त्यापलीकडे नेली. शेठना धाप लागली होती. कडुलिंबाखाली ती टेकवून झाल्यावर त्यांनी हात धोतराला पुसले, अभिमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत दुकानात जाऊन बसले. त्यांचे डोळे भरून आले होते असं मोतीलाल पुढे सांगायचा.

अभिमननं गोणपाट पसरलं, दगड हलतो का बघितलं, खाली खापराचा तुकडा सारला, पाणी शिंपडलं. ओट्यावर सावली होती तशी इथे नव्हती; विरळ फांद्यांतून भाद्रपदाचं ऊन थेट मानेवर येत होतं. समोर लोक घुटमळत उभे होते, हात अजून खिशावरच.

"छगन," त्यानं हाक मारली. "आन तुना चाकू."

छगन जागचा हलेना. मग हळूहळू आला, इकडेतिकडे बघितलं आणि चाकू गोणपाटावर ठेवला. अभिमननं तो उचलला. काटा बाजूलाच राहू दिला, पातं नाकाजवळ नेलं नाही, उजेडात धरून बघितलं नाही. उघडलं, आणि सरळ सहाणेवर ठेवून घासायला सुरुवात केली.