ते मी वाजवत नाही

बाबा ड्रमवर वाजवत त्या शफल नावाच्या झुलत्या तालानं भल्याभल्यांना घाम फोडला होता. ऐकायला काय, लंगडा माणूस मजेत जिना उतरतोय असं वाटावं. उजवा हात झांजेवर झुलतोय, पायाचा ड्रम खाली घुमतोय, आणि समोरच्या कडक आवाजाच्या स्नेअर ड्रमवर, सगळे वाट बघून थकल्यावर, एकच सणसणीत आघात. इथवर कुणीही पोचायचा. पण मधल्या फटींत डाव्या हाताचे बारीक ठोके होते. आहेत म्हणावं तर ऐकू येत नाहीत, नाहीत म्हणावं तर सगळं गाणं त्यांच्यावरच उभं. तिथे एकेकाची दांडी उडायची.

विचारलं की बाबा म्हणत, "ते मी वाजवत नाही." लोकांना वाटे, म्हातारा शिष्ट आहे.

बाबा गेले. आज दुपारी तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड व्हायचं होतं. बाबांच्या जागी मुलगा बसणार होता. शाळेत बाकं बडवायचा म्हणून त्याला सगळे ठोक्या म्हणत. पण बँडच्या गायककाकांनी बजावलं होतं, तुला जमलं नाही तर ताल मशीनवर घेऊ. ठोक्या सकाळपासून बाबांच्या खोलीत झगडत होता. डावा हात हलका ठेवावा तर ठोका गळायचा, नीट वाजवावा तर सगळा चिवडा.

मावशी चहा घेऊन आली. त्याची आई तो रांगत असतानाच गेली, वाढवलं ते मावशीनंच. दारात क्षणभर ऐकून ती म्हणाली, "किती रे एकटाच बोलतोस. तिला बोलू दे की."

"कुणाला?"

मावशीनं कप खाली ठेवला. इतकी वर्षं जे पोटात होतं ते मग हळूहळू बाहेर आलं. भिंतीपलीकडे आईचा पलंग होता. आजारात देवानं तिची वाचा नेली, पण ताल तेवढा ठेवला. ती शिवणकाम करायची, बोटातलं धातूचं अंगुस्तान काही काढू देईना. इकडे बाबा वाजवायला लागले की फट सापडेल तिथे ती भिंतीवर टकटक करायची. तिला धाप लागायची, म्हणून बाबांनी मोठे आघात निम्मे केले, तिच्यासाठी जागा ठेवली. ते थांबले तरी शेवटचा ठोका तिचाच. "भांडणातही शेवटचा शब्द तिचाच असायचा," मावशी हसली, डोळे पुसत. मग एके दिवशी भिंत गप्प झाली. बाबा वाजवतच राहिले. डावा हात आपोआप उचलला गेला, आणि त्यांची नजर हाताकडे नव्हती, भिंतीकडे होती.

"खोटं बोलत नव्हते तुझे बाबा," मावशी म्हणाली. "ते ठोके त्यांचे नव्हतेच."

ठोक्यानं स्टूल भिंतीकडे फिरवलं. डाव्या हातातली काठी नुसती ड्रमच्या कातड्यावर टेकवली, आणि उजव्यानं वाजवत वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं काठी हलली. आपण हलवली, असं काही त्याला वाटलं नाही. तरी हात थांबला नाही.

दुपारी स्टुडिओत एका दमात गाणं झालं. काका काचेपलीकडून बघतच राहिले. रेकॉर्डिंग ऐकायला बसल्यावर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. सगळी वाद्यं थांबली होती, आणि त्या शांततेत एक ठोका होता, हलका, भिंतीमागून आल्यासारखा.

"संपल्यावर हात हलवू नये, एवढंही कळत नाही?" काका म्हणाले. "कापून टाकू."

शेवटच्या आघाताबरोबर ठोक्यानं दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या. त्याला ते पक्कं आठवत होतं.

"राहू द्या, काका," तो म्हणाला. "शेवटचा तिचाच असतो."