बावेचं पाणी आणि तफावतीचा रकाना

चिखलोलीच्या फाट्यावर शरदचंद्र शेठचा डिझेलचा पंप होता, आणि सत्याऐंशी साली त्याचं रजिस्टर मी लिहायचो. रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत पितळी काठी सोडायची, ती कुठवर भिजली ते बघून लिटर काढायचे, कालच्या साठ्यातून विक्री वजा करायची आणि जो फरक पडेल तो शेवटच्या रकान्यात लिहायचा. फरक दहा लिटरच्या वर गेला की शेठच्या कपाळाला आठी. मी ती पडू देत नसे. काठी काही का म्हणेना, माझ्या रकान्यात चार-पाचच. उरलंसुरलं टँकर आला की त्याच्या मापात मुरवायचं. अक्षर सुंदर होतं माझं. शेठ आल्यागेल्याला रजिस्टर उघडून दाखवायचे.

पंपामागे ठमाबाईची बाव होती. तिथले आगरी लोक विहिरीला बावच म्हणतात. तेरा घरांचं पाणी तिच्यावर, वर आमच्या पंपाचा माठ. दुपारी कळशी घेऊन गेलो की ठमाबाई विचारायची, "काय रं मधू, शेठ पगार देतो का नुसतं पानी पाजतो?" आणि मी तोंड उघडायच्या आत भाकरीवर सुकट ठेवायची. पाणी गोड होतं. नंतर तीन नगरपालिकांचं पाणी प्यालो. एकाचीही चव सांगता यायची नाही.

त्या जानेवारीत बावेच्या पाण्याला वास आला. बायका म्हणाल्या, रॉकेलचा. तेव्हा घरोघर शेंदायला रॉकेलचाच जुना डबा असे, तोंड कापून आडवी दांडी ठोकलेला. नवा डबा फक्त ठमाबाईच्या सुनेनं, सखूनं आणला होता, उल्हासनगरच्या बाजारातून. झालं! तीनदा राखेनं घासला म्हणून ती सांगत राहिली, पण कोण ऐकतंय. डबा फेकला, बाव उपसली. दोन दिवसांत वास दुप्पट.

मग कुजबुज सुरू झाली की सखूच ओतते. नवरा नाथा अंबरनाथला कारखान्यात, तिकडे खोली मिळतेय, हिला वेगळं निघायचंय. बाव बिघडली की घर सुटेल. ठमाबाईनं सगळं ऐकलं आणि ठरवून टाकलं, सोमवारी सखू माहेरी. परत बोलावणं नाही. नाथानं आपली पाळी गाठली. पगारदार माणूस, माझ्यासारखाच.

त्याच आठवड्यात गुरुवारी रात्री पंपाचं मशीन बंद पडलं. उल्हासनगरचा मेकॅनिक उघडून बघून म्हणाला, "पार्ट नहीं है साईं, रविवार को आएगा." दोन दिवस विक्री शून्य. तरी सवयीनं काठी सोडली. शुक्रवारी ओल जिथवर होती, रविवारी त्याच्या एक सेंटिमीटर खाली. म्हणजे चाळीसेक लिटर गेले, आणि वजा करायला विक्रीच नाही. रकान्यात लिहू काय? काठी पुसायला हात वर नेला आणि थबकलो. बावेवर जो वास येत होता, तोच माझ्या हाताला होता. रॉकेलचा नव्हे.

"शेठ, मशीन बंद असताना डिझेल गेलं कुठं?"

"उडालं असेल."

"जानेवारीत? आणि डिझेल?"

शेठ हसले. "मधू, रजिस्टर तुझ्या हातचं. चार वर्षं जुळतंय. टाकी गळते म्हणालास तर पहिला खोटा तूच ठरशील."

हिशेब बरोबर होता त्यांचा. रात्रभर मी त्यात चूक शोधत होतो.

सोमवारी सकाळी सखूचं गाठोडं ओट्यावर आलं होतं. बावेवर बायका जमलेल्या. मी ओली काठी आणि रजिस्टर घेऊन गेलो.

"मावशी, या काठीचा वास घ्या. आता बावेच्या बादलीचा."

ठमाबाईनं दोन्हींचा घेतला. मग पुन्हा काठीचा. "येकच हाय."

"डिझेल आहे ते. आमची टाकी गळतेय. सखूचा काही संबंध नाही."

"कवापासून गलते?"

"ते या रजिस्टरावरून कळायचं नाही. मी सगळं जुळवून लिहिलंय."

"म्हंजी रोज माझी भाकर खाल्लीस, आन् रोज खोटं लिवलंस?"

"हो."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सखू हसली नाही. तिनं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

पुढं गावकऱ्यांनी अर्ज केला, तपासणीला साहेब आले, टाकी उकरली. खालच्या सांध्याला सुई जाईल एवढं भोक. माझी नोकरी त्याआधीच, सोमवारी संध्याकाळी गेली होती. बावेवर फळ्या ठोकल्या. पाणी त्या सोमवारपासूनच अंबरनाथच्या बाजूला, दीड मैलावरच्या नळाचं.

माझं सामान आणायला दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी गेलो तेव्हा त्या दोघी सासू-सुना नळाच्या वाटेवर दिसल्या. दहा वर्षांत ठमाबाईनं हंडा उचलला नव्हता. त्या दिवशी डोक्यावर चुंबळ, वर रिकामा हंडा.

"आयं, तू कशाला? मी आनते."

"चल म्हनलं ना. वाट लांब हाय, आन् तू चालतेस म्हशीवानी."

सखू मोठ्यानं हसली आणि पाऊल आणखी हळू टाकायला लागली. म्हातारीला धाप लागत होती.